गाडी तापली आणि मीही तापलो

घरात काही बिघडले की ते कुणामुळे बिघडले हे आपण घटकाभरात सांगून मोकळे होतो. कशामुळे बिघडले, हे शोधायला मात्र कुणाला सवड नसते. दूध नासले की सुनेमुळे, बैल लंगडला की गड्यामुळे, पंप बंद पडला की शेजाऱ्यामुळे. मीही त्यातलाच. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक भाजल्याचा डाग आहे. कुणी विचारले तर मी सांगतो, गाडीच्या पाण्याने भाजले. ते खरेच आहे, पण अर्धे. राहिलेले अर्धे आज तुम्हाला सांगतो. तुमच्या दारात जीप असो, ट्रॅक्टर असो नाही तर विहिरीवरचे इंजिन असो, तुम्हाला ते उपयोगी पडेल.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगाला. उन्हाळ्यात फाट्यापासून गावापर्यंत कुठलीही गाडी येते. पण आषाढ लागला, की ती चार किलोमीटरची वाट म्हणजे चिखलणी केलेले भाताचे खाचरच. तांबडी माती, वरून धो धो पाऊस, मध्ये एक ओढा आणि ओढ्यानंतर उभा चढ. अशा वाटेने जाणारे एकच वाहन गावात आहे. ती म्हणजे आमची जुनी डिझेल जीप. तिच्या चारही चाकांना इंजिनचा जोर देता येतो. सकाळी दुधाचे कॅन घेऊन ती फाट्यावर जाते, येताना खताच्या गोण्या आणते, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तरी तिच्याचकडे धाव घ्यावी लागते. म्हणून ती नावाला माझी, पण पावसाळ्यात साऱ्या गावाची.

ती चालवायला मी आमच्या आळीतला एक पोरगा ठेवला होता. वय असेल वीस-एकवीस. बाप लहानपणीच गेलेला, आईने दुसऱ्याच्या बांधावर राबून वाढवलेला. बोलायला कमी, पण हात चांगला. गाडी पुसल्याशिवाय घरी जायचा नाही.

ही गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यातली. भातलावणीची घाई चालू होती. त्या दिवशी ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होते. पोराने गाडी पाण्यातून काढली, पण पलीकडच्या काठाला ती चिखलात रुतली. पुढे घेतली, मागे घेतली, चाकांखाली दगड आणि फांद्या घातल्या. फोर व्हील टाकून, लो गिअरवर इंजिन ओढवत ओढवत अर्ध्या-पाऊण तासाने गाडी बाहेर निघाली. घरी आली तेव्हा गाडी कुठली आणि चिखल कुठला हे ओळखू येत नव्हते. पोराने कंदिलाच्या उजेडात ती धुतली. पुढची जाळीही धुतली.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन जाताना काही झाले नाही, कारण जाताना सगळा उतार. येताना मात्र चढाला तापमानाचा काटा वर सरकू लागला. पोराने शहाणपणाने गाडी थांबवली, गार होऊ दिली, पाणी बघितले आणि मग घरी आणली. त्याला दीड तास उशीर झाला. इकडे लावणीची माणसे खतासाठी खोळंबलेली आणि माझे डोके आधीच तापलेले. गाडी दारात उभी राहिली तशी मी चारचौघांत त्याला धारेवर धरले.

"पाणी न बघता गाडी ताणलीस! इंजिन बसलं असतं म्हंजे?"

तो म्हणाला, "तात्या, पाणी म्या सकाळीच बघितलं हुतं. भरल्यालं हुतं. रातच्याला जाळी पुढनं धुतली, पर मागल्या अंगानं बघाया पायजे. चिखुल..."

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "गाडी कुणाची? तू मला शिकवणार?" असे मी म्हणालो. आणखीही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. पोराने किल्ली ओट्यावर ठेवली आणि खाली मान घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही.

आता गाडी मीच चालवू लागलो. तिसऱ्या दिवशी त्याच चढाला बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. मी उतरलो, बॉनेट उघडले, खांद्यावरचा टॉवेल रेडिएटरच्या टोपणावर टाकला आणि टोपण पिळले. पुढचे काय सांगू! उकळते पाणी कारंज्यासारखे हातावर आले.

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. रेडिएटरचे टोपण हे नुसते झाकण नव्हे. ते आतले पाणी दाबाखाली धरून ठेवते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरचे तत्त्व आणि त्याचे तत्त्व एकच. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते, पण दाबाखाली ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण काढले की दाब एकदम सुटतो, काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि उकळते पाणी बाहेर उसळते. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण कुठली बाई उघडते का? मग आपण गडी माणसे गाडीचे टोपण कसे उघडतो? गाडी बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. टोपणाला आणि वरच्या रबरी नळीला हात सहज धरवला, तरच टोपण उघडावे. तेही आधी थोडेसे फिरवून, फुस्स आवाज पूर्ण थांबू देऊन. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. बिडाचा इंजिनब्लॉक तडकतो.

मी दुसरी चूक घरी येऊन केली. भाजल्या हातावर टूथपेस्ट थापली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी ती काढताना मला चांगलेच फैलावर घेतले. त्या म्हणाल्या, "भाजल्यावर आधी वीस मिनिटं साध्या गार वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही." तेही सांगून ठेवतो.

हात बांधून मी जीप तालुक्याला दुरुस्तीला टाकली. तिथे थर्मोस्टॅट बदलला, टोपण नवीन घातले, रबरी नळ्या बदलल्या. तीन हजारांच्या वर खर्च झाला. गाडी घरी आणली, आणि त्याच चढाला काटा पुन्हा वर!

जुना थर्मोस्टॅट मी पिशवीत घालून घरी आणला होता. रुपयाएवढ्या तोंडाचा हा पितळी भाग इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर दारवानासारखा बसलेला असतो. इंजिन गार असेपर्यंत तो पाणी अडवून धरतो आणि इंजिन पुरेसे तापले की दार उघडतो. तो बंद अवस्थेतच अडकला, तर इंजिन तापते पण पाणी रेडिएटरकडे जात नाही. आमच्या कारभारणीने विचारले, "हे काय आणलंत?" मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग गरम पाण्यात घालून बघितला का, उघडतो का नाही ते?"

मी काही बोललो नाही. तिने चुलीवर पातेले ठेवले, थर्मोस्टॅटला सुतळी बांधून तो पाण्यात लोंबता सोडला. तळाला टेकू दिला नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. पाणी उकळायच्या थोडे आधी, भांड्याच्या कडेला बुडबुडे येऊ लागले तेव्हा, मधली चकती हळूहळू वर उचलली गेली. बाहेर काढून गार केला तर पुन्हा मिटला. दोनदा तसेच झाले.

"अहो, हा तर चांगलाय," ती म्हणाली. "मग बदललात कशाला?"

याला उत्तर नव्हते. तपासून पाहायचे सोडून मी पैसे टाकत सुटलो होतो. जसे पोराला न विचारता हाकलले, तसेच थर्मोस्टॅटला न तपासता हाकलले.

मग एक दिवस सवड काढून, सावकाश चालवत, गाडी कराडला नेली. तिथे एक वयस्कर मिस्त्री आहेत. पूर्वी विहिरींवरची डिझेल इंजिने दुरुस्त करायचे. त्यांनी पान्ह्याला हातच लावला नाही. आधी मला बाकावर बसवले आणि विचारले, "कधी तापते? उभी असताना, सपाट रस्त्याला पळताना, का चढाला?"

"चढाला. लो गिअरवर."

"आता कराडपर्यंत आलात, तेव्हा?"

"नाही तापली."

"पाणी कमी होतं का?"

"वाफ झाली त्या दिवशी झालं. एरवी नाही."

"मग निम्मं काम झालं," ते म्हणाले.

मला नवल वाटले. तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत तुम्हाला सांगतो. इंजिनात जे डिझेल जळते, त्याच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो. तेवढाच साधारण धुराबरोबर बाहेर जातो. उरलेली उष्णता पाण्याने आणि वाऱ्याने बाहेर न्यायची असते. इंजिनभोवती फिरून पाणी तापते, पंप ते रेडिएटरमध्ये ढकलतो. तिथे बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची जाळी असते. पंखा समोरून वारा ओढतो, तो जाळीतून जातो आणि पाणी निवते. याचा अर्थ गाडी तापायला तीनच मोठी कारणे. पाणी कमी झाले, पाणी फिरेनासे झाले, किंवा वारा लागेनासा झाला. चौथे कारण म्हणजे इंजिनवर नेहमीपेक्षा जास्त ओझे पडले.

गाडी उभी असताना तापत असेल आणि पळू लागल्यावर निवत असेल, तर आधी पंखा आणि त्याचा पट्टा बघावा, कारण पळताना वारा आपोआप मिळतो. सपाटीला ठीक आणि चढाला तापत असेल, तर पाणी फिरते आहे, पण जास्त उष्णता बाहेर टाकायची ताकद रेडिएटरमध्ये उरलेली नाही. म्हणजे जाळी बाहेरून चोंदली असेल, नाही तर नळ्या आतून. पाणी सारखे कमी होत असेल आणि गळती कुठे दिसत नसेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, धूर पांढरा येत असेल किंवा ऑइलच्या पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेली समजावे. मग मात्र गाडी तसूभरही पुढे नेऊ नये.

एवढे सांगून मिस्त्रींनी बॅटरी पेटवली, ती पंख्याच्या बाजूने रेडिएटरच्या मागे धरली आणि मला म्हणाले, "समोर जाऊन बघा."

मी समोर वाकलो. वरच्या निम्म्या भागातून उजेड चाळणीतून यावा तसा येत होता. खालचा निम्मा भाग काळाठिक्कर. पुढून बघितले तर जाळी स्वच्छ! मागून हात घातला तर मातीचा गिलावा. भिंतीला द्यावा तसा, वाळून कडक झालेला.

"ओढ्यातनं काढलेली का गाडी?" मिस्त्रींनी विचारले. मी हो म्हणालो. "पाण्यात पंखा बुडला, की तो गढूळ पाणी जाळीवर मागून मारतो. शिवाय रुतल्यावर जागेवर इंजिन ओढवलं असणार. चिखल उडत राहतो, गरम जाळीवर भाजला जातो. मग विटेसारखा होतो. पुढून कितीही धुवा, निघायचा नाही. पुढून धुतली होती का कुणी?"

"पोरानं धुतली होती."

"मग मागून का नाही बघितलं त्यानं?"

वाचकहो, त्या वेळी कराडच्या त्या गॅरेजमध्ये मला ओट्यावर ठेवलेली किल्ली दिसली. त्याने सांगितले होते. पहिल्याच दिवशी सांगितले होते. मीच ऐकले नव्हते.

मिस्त्रींनी एवढ्यावर सोडले नाही. ते चारही चाकांजवळ गेले आणि न टेकवता नुसता हात जवळ नेऊन पाहिले. मागचे डावे चाक धगीसारखे लागत होते. ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल जाऊन ब्रेक धरून राहत होता. नांगर जमिनीत ठेवूनच बैलगाडी हाकावी, तसे इंजिन ओढत होते. मग त्यांनी विचारले, "डांबरी लागल्यावर फोर व्हील काढता ना?"

मी खाली बघितले. चिखलातून फाट्यावर आल्यावर ती काढायची असते, हे मला माहीतच नव्हते. पोरगा काढत असे. मी मात्र तशीच डेअरीपर्यंत आणि परत चालवत होतो. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत फोर व्हील टाकली की पुढची आणि मागची चाके एकमेकांना बांधली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते म्हणून निभावते, डांबरीवर ते घसरत नाही. मग सगळा ताण गिअरवर, टायरवर आणि शेवटी इंजिनवर येतो. म्हणजे ज्या पोराला मी गाडी ताणली म्हणून बोललो, त्याने गाडी जपली होती, आणि ताणत होतो तो मी!

जाळी धुण्याची रीत मी तिथे नीट पाहून घेतली. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. चिखलावर पाणी मारून तो अर्धा तास भिजू द्यावा. मग पाण्याची नळी मागून, म्हणजे इंजिनच्या बाजूने, पुढच्या बाजूला धरावी. वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट. धार मोठी नको. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात आणि चिखल निघाला तरी वाट बंदच राहते. तासभर तांबडे पाणी येत राहिले. मधूनमधून मिस्त्री बॅटरी धरून बघत. खालपासून वरपर्यंत सारखा उजेड दिसला तेव्हाच त्यांनी नळ बंद केला. नंतर पंख्याच्या पट्ट्याचा मध्य अंगठ्याने दाबून पाहिला. तो अर्धा इंच दबावा, त्याहून फार ढिला नसावा, कारण चिखलाने ओला झालेला ढिला पट्टा घसरतो आणि पंख्याबरोबर पाण्याचा पंपही मंदावतो. ब्रेकचे ड्रम उघडून साफ केले. सगळ्याचे मिळून दोनशे रुपये घेतले. त्या दिवशी आमच्या चढाला काटा जागचा हलला नाही.

गाडी नीट झाली, पण माझे काम अजून राहिले होते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी पोराच्या घरी गेलो. दारात एक भरलेली पिशवी होती. दोन दिवसांनी तो मुंबईला मामाकडे निघणार होता. आमच्या भागातले पोर असेच जाते, त्यात नवल नाही. पण ते पोटासाठी जावे. माझ्या तोंडामुळे जावे, हे मला सोसवले नाही. मी त्याला म्हणालो, "बाबा, चूक माझी झाली. तू सांगत होतास तेच निघालं."

तो काही बोलला नाही. त्याची आई चुलीपाशी बसली होती. लावणीवरून नुकतीच आलेली, पायाचा चिखलही वाळला नव्हता. ती म्हणाली, "भावजी, बोललासा तवा चारचौघांत बोललासा. आन् आता आलासा ते अंधाराचं."

मंडळी, हात भाजला तेव्हा लागले नसेल एवढे ते बोलणे मला लागले. आणि ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर दूध घालायला पंधरा-वीस माणसे जमली होती. मी कॅन उतरवले आणि सगळ्यांदेखत सांगितले, की गाडी पोरामुळे तापली नव्हती. त्याने पहिल्याच दिवशी रोग ओळखला होता आणि मी त्याला बोलू दिले नाही. नंतर गाडी ताणली ती मीच. सांगताना जीभ जड झाली. काहीजण हसले, एक-दोघे म्हणाले, "असू द्या तात्या, व्हतं असं." पण त्या दिवशी दुपारी पोरगा आला, न बोलता ओट्यावरची किल्ली घेतली आणि बॉनेट उघडून आधी पट्टा दाबून बघितला.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम झाले आहेत. ते तुमच्याही उपयोगाचे आहेत म्हणून लिहितो. गाडी चिखलातून आली की त्याच दिवशी, चिखल ओला असतानाच, पण इंजिन गार झाल्यावर, जाळी मागून धुवायची. वाळू द्यायची नाही. ओढ्याला पाणी किती आहे ते आधी काठीने बघायचे. पाणी पंख्याला लागेल एवढे असले तर गाडी घालायचीच नाही, कारण खोल पाण्यात पंख्याची पाती वाकून रेडिएटरला भोकही पाडू शकतात. रुतलो तर जागेवर इंजिन ओढवत बसायचे नाही. उतरून चाकांखाली दगड-फांद्या घालायच्या आणि इंजिनला मधून मधून दम खाऊ द्यायचा. डांबरी लागली की फोर व्हील काढायची. काटा वर चढू लागला की "घर जवळच आहे" असे म्हणायचे नाही, थांबायचे. पाच मिनिटे वाचवताना हेड वाकते आणि मग हजारांचा खर्च येतो.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच लागू आहे. तुमच्याकडे चिखल नसेल, पण मळणीच्या दिवसांत भुसा उडतो आणि तो जाळीत बसतो. दुपारी ट्रॅक्टर तापला तर आधी जाळी बघा, मग इंजिनला नावे ठेवा. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी घालू नका. पाणी तापवायच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो बारीक नळ्यांत आतून बसतो. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी असे घालावे. मात्र एक जपा. हे कूलंट चवीला गोडसर असते आणि ते विष आहे. अंगणात सांडले तर कुत्रे, वासरू चाटते. पोराबाळांच्या हाती डबा लागू देऊ नका, आणि सांडलेले लगेच माती टाकून उचला, भरपूर पाण्याने धुऊन काढा.

तो पोरगा दोन पावसाळे आमच्याकडे राहिला. मग मीच त्याला कराडच्या त्या मिस्त्रींकडे नेऊन सोडले. आता तो तिथे काम शिकून कामाला लागला आहे. सुट्टीला गावी येतो तेव्हा आमच्या दारात थांबतो. जीप अजून आहे, तीही म्हातारी झाली आणि मीही. तो आला की त्याची काकी चहा ठेवते, आणि चहा होईपर्यंत तो बॅटरी मागतो. मी बॅटरी आणून देतो. तो ती मागून धरतो आणि मला म्हणतो, "तात्या, फुडं जाऊन बघा, उजेड दिसतोय का?"

मी वाकून बघतो आणि काय दिसते ते सांगतो. तो ऐकून घेतो.